पोल्डीची ड्यूटी

व्हिएन्नात त्या काळी माणसाचा स्वभाव कसा घडतो याविषयी दोन मतं होती, आणि दोन्ही मतं दुपारी चार ते सात एकाच कॅफेत, एकमेकांकडे पाठ करून बसत.

खिडकीशी प्रोफेसर थालहामर आणि त्यांचे विद्यार्थी. त्यांच्या मते मूल म्हणजे जिना. अमुक महिन्यात मान धरायची, अमुक महिन्यात अनोळखी माणूस बघून भोकाड पसरायचं, सहाव्या वर्षी गोष्टीतला लांडगा खरा नसतो हे कळायला हवं. पायरी चुकली की मूल चुकलं. आत बिलियर्डच्या टेबलाशेजारी डॉक्टर ग्रेट्झ आणि त्यांची शिष्यमंडळी. त्यांच्या मते जिनाबिना काही नसतो, असतं ते तळघर. पहिल्या चार वर्षांत जे खाली कोंडलं जातं, तेच मग जन्मभर वरच्या मजल्यावर भांडी पाडत राहतं. १९२२ साली एका परिसंवादात ‘अंगठा चोखणे’ या विषयावरून दोघांचं वाजलं, आणि तेव्हापासून त्यांचं कशावरही एकमत झालं नव्हतं. बाहेर पाऊस पडतोय की नाही, यावरसुद्धा.

ओटिली नाव्रातिल खिडकीकडच्या पक्षाची. पण खिडकीशी तिला जागा नव्हती. वय चौतीस, रीतसर डॉक्टरेट. तिचा प्रबंध थालहामरसाहेबांनी आपल्या तीन पुस्तकांत वापरला होता, आणि तिसऱ्यात तर आभारही मानले होते: ‘आमच्या फ्रॉइलाइनने घेतलेल्या मेहनतीबद्दल.’ फ्रॉइलाइन, म्हणजे कुमारी, रागावली नाही. वादात बरोबर कोण असतं हे तिला माहीत होतं, आणि ते बहुधा आपणच असतो याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. हे इतरांना कधी कळेल एवढाच प्रश्न होता, आणि तोवर थांबायची तिची तयारी होती.

तिची जागा काचेशी होती. महापालिकेने नवं बालगृह बांधलं होतं आणि मुलांच्या खोल्यांच्या भिंती काचेच्या केल्या होत्या, म्हणजे रोगजंतूंना आत जाता येऊ नये आणि मानसशास्त्रज्ञांना आत बघता यावं. शहरात ज्या मुलाचं कोणी उरलं नाही, ते आधी इथे यायचं. चार आठवडे काचेआड. बाहेर खुर्चीवर निरीक्षक, हातात घड्याळ, मांडीवर वही. नियम थालहामरसाहेबांनी भिंतीवरच लावला होता: मुलाशी बोलायचं नाही, हसायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. बोललात की मूल मूल राहत नाही, तुमच्या प्रश्नाचं उत्तर होऊन बसतं.

चौथ्या आठवड्यात समिती बसे आणि मुलाने कुठे जायचं ते ठरवी. महापालिकेला कुठल्याच टेबलाचा रोष नको होता, म्हणून समितीवर दोन्ही टेबलांचे तज्ज्ञ होते आणि अहवालावर दोघांच्या सह्या लागत. सह्या झाल्या नाहीत, तर एकमत होईपर्यंत मूल डोंगरातल्या अनाथालयात. तिथे एकमताची वाट बघणारी एकोणीस मुलं होती. त्यातल्या थोरलीची आता तिथेच स्वयंपाकीण म्हणून नेमणूक झाली होती.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी पोल्डी आली. वय सहा. कागदावर आईच्या नावापुढे ‘मृत’, वडिलांपुढे रेघ, आणि तळाशी बारीक अक्षरात: ‘ज्या गृहस्थांकडे राहत होती, ते पाय मोडून इस्पितळात. नातं नाही.’

पहिल्या दिवशी मुलं रडतात. ती पायरीच आहे. पोल्डी रडली नाही. तिने खोलीभर नजर फिरवली, आत तीन मुली आहेत हे बघून घेतलं, खुंटीवरचा टॉवेल काढला, नीट घडी घालून डाव्या हातावर टाकला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

ती बसेचना. जेवताना तिघींचं होईपर्यंत उभी. मग कोपऱ्यात पाठमोरी होऊन भराभर चार घास. कोणी दूध मागितलं की दूध, सोबत न मागता पाण्याचा ग्लास, आणि ग्लासावर पालथा चमचा. चित्रांचा कागद तिने केरसुणीच्या दांड्याला गुंडाळला आणि एकेकीपुढे अदबीने धरला. ज्यांना अक्षर कशाशी खातात ठाऊक नव्हतं, त्यांनी तो गंभीरपणे वाचला. सिस्टर वालबुर्गा औषध घेऊन आल्या की ही किंचित वाकून म्हणे, “या, संचालिकाबाई!” फरशी पुसणाऱ्या बाईला सिस्टर म्हणे. खुद्द थालहामरसाहेब पाहणीला आले, तेव्हा काचेवरच्या झडपेतून त्यांना स्वच्छ ऐकू आलं, “नमस्कार, होफ्राटसाहेब!”

होफ्राट म्हणजे दरबारी सल्लागार. बादशहा जाऊन दहा वर्षं झाली होती, दरबार तिकीट काढून बघायची वस्तू झाला होता, पण म्हणून सल्लागार व्हायची आशा कुठल्या प्रोफेसराची सुटली होती? थालहामरसाहेब क्षणभर ताठ झाले. मग ओटिलीला म्हणाले, “लिहा. वास्तव आणि कल्पना यांतला भेद कळत नाही. तीन वर्षं मागे.”

ग्रेट्झसाहेब तिसऱ्या दिवशी आले. पालथ्या चमच्यासमोर ते पाच मिनिटं नुसते उभे राहिले. “झाकतेय,” ते कुजबुजले. “बघा, बघा! झाकतेय!” काय झाकतेय, ते त्यांनी अहवालात सोळा पानांत सांगितलं. दांड्याला गुंडाळलेल्या कागदाविषयी आणखी दीड पान होतं. ते इथे देत नाही.

थालहामरांचा निष्कर्ष: मुलगी खेड्यात शेतकरी कुटुंबाकडे पाठवावी आणि सगळ्या पायऱ्या तळापासून पुन्हा चढवून घ्याव्यात. ग्रेट्झांचा निष्कर्ष: मुलगी शहरातच ठेवावी आणि आठवड्यातून पाच दिवस, तीन वर्षं, त्यांच्या कोचावर आडवी करावी. समिती गुरुवारी सकाळी दहाला बसणार होती. एक शेत म्हणत होता, एक कोच. म्हणजे डोंगर.

ओटिलीने आपल्या वहीत एका कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘काहीतरी अगदी साधं आहे. दिसत नाही.’ मग ते निरीक्षण नव्हे म्हणून खोडलं होतं.

मंगळवारी सकाळी ती जिना चढून आली, तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर एक साठीचा माणूस बसला होता. पायाला प्लास्टर, शेजारी कुबड्या, गुळगुळीत दाढी, आणि पाठीचा कणा असा सरळ की बाकाला पाठ असल्याचं त्याला कोणी कळवलंच नसावं.

“कोणाकडे आलात?”

“पोल्डीकडे. मी झापलेटाल. फर्डिनांड झापलेटाल.” तो उठायला लागला. तिने हातानेच बसवलं. “पुढचं विचारू नका बाई, तिथेच गाडी अडते. सिस्टर म्हणतात, नातं नसेल तर काचेतूनसुद्धा नाही.”

“मग इथे कशाला बसलात?”

“आज तिसरा दिवस. इस्पितळातनं सुटलो तो इथेच. बाकावर बसायला नातं लागत नाही, ते विचारून घेतलंय.” मग खाली आवाजात, “एवढं सांगा प्रोफेसरबाई, खातेय का नीट?”

“मी प्रोफेसर नाही.”

“ते दिसतंच आहे. म्हणून तर म्हणालो. असतात त्यांना काय म्हणायचं त्यात?”

ओटिली त्याच्या शेजारी बसली. नियमात निरीक्षकाने बाकावर बसू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

“हा काय प्रकार आहे?”

“प्रकार कसला? अडतीस वर्षं कॅफेत उभा आहे. एक पायरी वर, एवढाच नियम. विद्यार्थी आला की या डॉक्टर. डॉक्टर आला की या प्रोफेसर. प्रोफेसर आला की या होफ्राट.”

“आणि खराच होफ्राट आला तर?”

“त्याला खिडकीशेजारची खुर्ची. त्याच्यावर शब्द नाही.”

“पण हे खोटं झालं.”

“कसं काय? कॅफेत वेटर एकटाच असला तरी गिऱ्हाईक त्याला ‘हेर ओबर’ म्हणतं, मोठे वेटर. मग धाकटा कुठाय, असं आम्ही विचारतो का? देवाणघेवाण आहे. आणि एक सांगू का, माणसाला वरच्या पायरीवरनं हाक मारली की तो तीन मिनिटं तरी तिथे उभा राहतो. ओरडत नाही, बोटं वाजवत नाही. तीन मिनिटांत कॉफी येते.”

ओटिलीने मांडीवरची वही मिटली. हातावरचा टॉवेल. भिंतीला लावलेली पाठ. न मागता पाण्याचा ग्लास, त्यावर पालथा चमचा. दांड्याला गुंडाळलेलं वर्तमानपत्र. व्हिएन्नाच्या कुठल्याही कॅफेत कॉफी अशीच येते, पेपर असाच मिळतो. तीसुद्धा दर रविवारी कॅफेत जात होती, अख्खं शहर जात होतं. आणि तेवीस दिवस एका सहा वर्षांच्या वेटरकडे घड्याळ लावून बघूनही कोणाला वेटर दिसला नव्हता. वेटरकडे बघतं कोण? तिला लाज वाटली, आणि लाज वाटण्याइतकी अक्कल आपल्याला आहे याचं थोडं समाधानही वाटलं.

“कुठलं कॅफे?”

“कॅफे त्सेलिंका.”

“अरे देवा. म्हणजे प्रोफेसर थालहामर...”

“आपले होफ्राट! दुधाळ कॉफी, साय काढून. सायीकडे बघवत नाही त्यांना. लहानपणचं काहीतरी असणार. पण मी म्हणतो आपल्याला काय करायचंय, साय काढावी.”

“आणि डॉक्टर ग्रेट्झ?”

“त्यांना दोन केक लागतात. पहिल्याची बशी दुसरा आणायच्या आत उचलायची, म्हणजे एकच खाल्लाय असं दिसतं. त्यांनासुद्धा.”

ओटिलीने मनातल्या मनात दोन्ही टेबलांची मिळून सव्वीस पुस्तकं चाळली. इतकं नेमकं त्यांत काही नव्हतं.

“पोल्डीला काय सांगून पाठवलंत इकडे?”

“पाठवलं कुठे? जिन्यावरनं पडलो, मला गाडीत घालत होते, ही दारात उभी. रडायला आली होती. म्हटलं, पोल्डी, जिथे नेतील तिथे कॅफेतल्यासारखं वागायचं. मी येऊन मोकळं करेपर्यंत ड्यूटी तुझी.” तो हसला, आणि तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. “का? काय झालं?”

“तेवीस दिवस ती बसलेली नाही.”

झापलेटालने प्लास्टरवरून हात फिरवला. “ड्यूटीवर बसत नाहीत,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकासमोर रडत नाहीत. जेवताना दिसत नाहीत. मीच शिकवलंय. गंमत म्हणून हो! सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात ती मला कॉफी आणून द्यायची.”

“गुरुवारी समिती आहे,” ओटिली म्हणाली. “दहाच्या आधी या. हाच कोट, हाच शर्ट, वेटरचा पोशाख नको. आणि मी दार उघडेपर्यंत आत यायचं नाही.”

“काय होईल?”

“घरी न्याल तिला.” तिने हे अशा सुरात सांगितलं की झापलेटालने पुढे काही विचारलं नाही. कसं नेईल हे तिला अजून ठरवायचं होतं. पण ते काम दुय्यम होतं.

मग तिने बालगृहाच्या इतिहासात प्रथमच नियम मोडला. काचेचं दार उघडून आत गेली.

पोल्डी पुढे झाली. “काय आणू, डॉक्टरबाई?”

डॉक्टरेटनंतरच्या आठ वर्षांत तिला कोणी डॉक्टर म्हटलं नव्हतं. फ्रॉइलाइनच्या एक पायरी वर. हिशेब अगदी चोख होता.

“काही नको. तुझे पाय नाही दुखत?”

“गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.”

“मी गिऱ्हाईक नाहीये.”

पोल्डीने तिला बुटापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. “रोज त्याच खुर्चीवर बसता. काही मागवत नाही. सारखं घड्याळ बघता.” तिने विचार केला. “गाडीची वाट बघणारं गिऱ्हाईक.”

“बरं, असेन. मी तुला मोकळं केलं तर बसशील?”

“तुम्ही?” पोल्डीने शक्य तितक्या सभ्यपणे मान हलवली. “तुम्ही आमच्यातल्या नाही ना. फर्डीकाका येणार आहेत.”

ओटिलीने तिथल्या तिथे विचार केला. झापलेटालला आत्ता काचेपाशी आणला, तर पोर तेवीस दिवसांचं रडणं एकदम काढेल. दोन्ही तज्ज्ञ त्यावर पुरवण्या लिहितील. पुरवणी म्हणजे आणखी सोळा पानं, आणि पुढे डोंगर.

“गुरुवारी दहापर्यंत सांभाळशील?”

“सांभाळते की,” पोल्डी म्हणाली. तिने खोलीतल्या तिघींकडे एक अनुभवी नजर टाकली. “फार गर्दी नाहीये.”

समितीचे अध्यक्ष कॉम्रेड वोबोर्निक पूर्वी ट्राम चालवत. महापालिकेत निवडून आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे आपल्या कचेरीतल्या दारांवरच्या पदव्यांच्या पाट्या उतरवल्या. त्यांना गाड्या वेळेवर सुटायला हव्या असत, मुलंही.

“दोन अहवाल आहेत,” ते म्हणाले. “एक बावीस पानी, एक साडेसतरा. मी दोन्ही उघडले. कोणीतरी मला दोन वाक्यांत सांगा की मुलीला काय झालंय.”

“विकास खुंटलाय,” थालहामर म्हणाले.

“विकास!” ग्रेट्झ छताकडे बघत म्हणाले. “अहो, कोंडलंय!”

“मुलगी वेटरचं काम करतेय,” ओटिली म्हणाली. आणि तिने टॉवेल, ग्लास, चमचा, दांडा, पदव्या, सगळं क्रमाने सांगितलं. झापलेटालचं नाव तेवढं घेतलं नाही.

मग ग्रेट्झसाहेबांनी टेबलावर थाप मारली. “अर्थात! सेवा करून गेलेली आई परत मिळवणं. पान नऊ बघा, मी तेच म्हटलंय!”

“अनुकरणाचा खेळ,” थालहामर म्हणाले. “तिसऱ्या वर्षाची पायरी. सहाव्या वर्षी तिथेच अडकलीय. मी काय वेगळं म्हणत होतो? शाबास, फ्रॉइलाइन.”

हे असं होणार हे तिला ठाऊक होतं. विहिरीत दगड टाकला तर विहीर काही त्याचा आकार घेत नाही. डुबुक करते आणि होती तशी होते. तिने उठून दार उघडलं.

तपकिरी कोटातला एक म्हातारा कुबड्यांवर आत आला. दोन्ही तज्ज्ञांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि लोक छत्रीच्या स्टँडकडे पाहतात तेवढंच पाहिलं.

“फ्रॉइलाइन, हे कोण?” थालहामरांनी विचारलं. “इथे बैठक चाललीय.”

झापलेटाल कुबड्यांनी झुकू दिलं तेवढा झुकला. “नमस्कार, होफ्राटसाहेब. नमस्कार, प्रोफेसरसाहेब.”

दोघांच्या माना एकदम वळल्या. अकरा वर्षं त्याच्याकडून कॉफी घेऊनही चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण आवाज कॉफीच्या वासासकट आत रुतला होता.

“हेर ओबर!” थालहामर ओरडले. “अहो, होतात कुठे? तो नवा माणूस मला साय घालतो! तीनदा सांगितलं, तीनदा!”

“बशा उचलत नाही तो,” ग्रेट्झ म्हणाले, आणि का कोण जाणे, लाल झाले.

झापलेटाल अध्यक्षांकडे वळला.

“मला कॉम्रेड म्हणा,” वोबोर्निक म्हणाले. “इथे पदव्या नाहीत.”

झापलेटाल अडला. अडतीस वर्षांत त्याने दोन सरदार, एक पदच्युत बिशप आणि चिलीचा राजदूत हाताळला होता, पण कॉम्रेडच्या एक पायरी वर काय असतं? शेवटी त्याने श्वास घेतला. “नमस्कार,” तो म्हणाला, “कॉम्रेडसाहेब.”

वोबोर्निकांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. मग टाय सरळ केला.

“पण परत कधी येताय?” थालहामर आणि ग्रेट्झ एकाच वेळी म्हणाले.

“लिहून घ्या,” वोबोर्निक कारकुनाला म्हणाले. “तज्ज्ञांचं एकमत झालं.”

“कशावर?” कारकुनाने विचारलं.

“जागा सोडून ठेवा. गृहस्थ, बसा. मुलगी तुमच्याकडे कशी आली?”

झापलेटाल बसला नाही. “आमच्या स्वयंपाकघरात रोझा नावाची बाई भांडी घासायची. छाती धरली तिची, दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. त्या दिवशी पोल्डी कोट ठेवायच्या खोलीत झोपली होती. लोक येत होते, आपापला कोट काढून घेत होते. सगळे हळूच घेत होते, ती उठू नये म्हणून. शेवटी खुंटीवर माझाच राहिला.”

“म्हणून?”

“म्हणून काय, कॉम्रेडसाहेब? थंडी होती. तिला त्यातच गुंडाळली.”

घर दोन खोल्यांचं होतं, शाळा कोपऱ्यावर, संध्याकाळच्या पाळीला शेजारची शिवणकाम करणारी बाई बघत असे. वोबोर्निकांनी हे सगळं विचारून घेतलं आणि पटल्यासारखी मान डोलावली. पण सह्या त्यांच्या नव्हत्या.

“व्यक्तिशः मला या गृहस्थांविषयी आदरच आहे,” थालहामर म्हणाले. “पण शास्त्र शास्त्र आहे. स्वभाव सातव्या वर्षी घट्ट होतो. अजून एक वर्ष हातात आहे, ते कॅफेत वाया...”

“सातव्या?” ग्रेट्झ उठून उभे राहिले. “चौथ्या! दोन वर्षांपूर्वीच सगळं आटोपलंय!”

“आटोपलंय, मग तीन वर्षं कोचावर काय करणार आहात? सुतक पाळणार?”

“आणि तुम्ही? गाई दाखवून पायऱ्या चढवणार?”

वोबोर्निकांनी घड्याळ काढलं. अकरा वाजता त्यांना दुसरी बैठक होती, आणि अकरा वाजता एकमत नसेल तर पुढे काय, ते नियमात छापलेलं होतं. झापलेटालला ते नियम माहीत नव्हते. त्याने ओटिलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काळजी नव्हती. ओटिली लिहीत होती.

तिने एक कागद टेबलाच्या मध्यभागी सरकवला. “आपल्या दोघांचंही म्हणणं मी एका वाक्यात आणायचा प्रयत्न केलाय,” ती म्हणाली. “चुकलं असेल तर सांगा.”

कागदावर लिहिलं होतं: ‘मुलीला विनाविलंब मोकळं करणं आवश्यक आहे, आणि हे काम, ज्यांच्याशी तिचा मुळात संबंध जडला, त्यांच्याच हातून आणि त्यांच्याच घरी होऊ शकतं.’

ग्रेट्झांनी आधी वाचलं. “मोकळं,” ते पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांपुढे तळघराचं दार किरकिरत उघडलं. “मुळात... संबंध जडला...” त्यांनी ओटिलीकडे नव्याने पाहिलं. “फ्रॉइलाइन, तुमची जागा आमच्या टेबलाशी आहे.”

थालहामरांनी कागद ओढून घेतला. “मोकळं. म्हणजे खालच्या पायरीवरून. आणि संबंध जडणं ही तर पहिल्याच वर्षाची पायरी, माझं दुसरं पुस्तक. अगदी माझी भाषा आहे, फ्रॉइलाइन.”

मग दोघांना एकाच वेळी शंका आली की समोरचा याला कसा काय राजी होतोय. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि दोघांनाही एकाच वेळी उलगडलं: बिचाऱ्याला वाक्य कळलेलंच नाही. कीव येऊन त्यांनी सह्या केल्या. थालहामरांनी आधी केली, म्हणून ग्रेट्झांनी मोठी केली.

वोबोर्निकांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला. “म्हणजे पोरीला यांच्याकडे घरी सोडायचं.”

“हो,” ओटिली म्हणाली.

“मग असं सरळ का नाही लिहिलं?”

“सरळ लिहिलं असतं तर ते सगळ्यांना सारखंच कळलं असतं, कॉम्रेड.”

वोबोर्निकांनी शिक्का मारला आणि दुसऱ्या बैठकीला वेळेवर गेले.

काचेच्या दाराशी सिस्टर वालबुर्गा अजून नात्याचा मुद्दा काढत होत्या. ओटिलीने त्यांना शिक्का दाखवला. आत पोल्डी भिंतीला पाठ लावून उभी होती. कुबड्यांचा आवाज ऐकून तिने मान वळवली नाही. आधी तिघींपैकी धाकटीचा ग्लास उचलून जागेवर ठेवला. मग आली.

“पोल्डी,” झापलेटाल म्हणाला. त्याचा तो अडतीस वर्षांचा आवाज कुठेतरी गेला होता. “झालं. मोकळी.”

तिने हातावरचा टॉवेल काढला, घडी घातली, खुंटीला लावला. दारापर्यंत चालत आली. उंबऱ्यावर खाली बसली, दोन्ही पाय पुढे पसरून. आणि मग तिने असा काही सूर लावला की खालच्या मजल्यावरची तान्ही मुलं जागी झाली. “इतका उशीर!” ती किंचाळली आणि प्लास्टरवर लाथ मारली. “इतका! उशीर! कोणी करतं का!” प्लास्टरला काही होत नाही हे कळल्यावर दुसऱ्या पायावर मारली.

व्हरांड्यात दोन्ही तज्ज्ञांनी वह्या काढल्या.

“आक्रमकता!” थालहामर आनंदाने म्हणाले. “फ्रॉइलाइन, वेळ! वेळ टिपा!”

“मी सांगितलं नव्हतं? प्रेमपात्रावर हल्ला,” ग्रेट्झ म्हणाले.

ओटिलीने घड्याळ आणि वही थालहामरसाहेबांच्या हातात ठेवली. “आपण टिपा. माझे हात रिकामे नाहीत,” ती म्हणाली, आणि वाकून तिने पोल्डीला उचललं. कुबड्यांवरचा माणूस ते करू शकला नसता. मूल सहा वर्षांचं, तापलेलं, आणि चारही बाजूंनी हातपाय झाडणारं होतं. ओटिलीची टोपी पहिल्याच पायरीवर पडली. ती झापलेटालने कुबडीच्या टोकाने उचलली.

“अशी नाहीये हो ती,” तो मागून एकेक पायरी उतरत, शरमेने अर्धा होऊन सांगत होता. “घरी अगदी शहाणी असते, डॉक्टरबाई. कोणाला एक शब्द नाही. काय झालंय काय तिला आज...”

“तुम्ही आलात,” ओटिली म्हणाली. बुटाची टाच तिच्या बरगडीत बसली. “बाकी काही झालेलं नाही.”

तिसऱ्या मजल्यावर पोल्डीने हट्ट धरला की तिला खसखस घातलेल्या शेवया हव्यात, आत्ताच्या आत्ता, इथेच. झापलेटाल म्हणाला, घरी गेल्याबरोबर करतो. दुसऱ्या मजल्यावर तिला शेवया नको होत्या, कधीच नको होत्या, आणि तिला शेवया हव्या आहेत असं म्हणणारे सगळे खोटारडे होते. ओटिलीने पकड जरा घट्ट केली आणि उतरत राहिली.